नवव्या दिवसाचा ताप: जठराच्या कर्करोगात शस्त्रक्रियेआधीची कीमो आणि एका रुग्णाची छाती

तात्यांना ताप आला तो रविवारी रात्री साडेदहाच्या सुमाराला. थर्मामीटरवर १०१.२ दिसलं. घरात पॅरासिटामॉलची गोळी होती, ती दिली. तासाभरात घाम फुटला, अंग गार लागलं, तात्या झोपले. सकाळी तोंड धुवायला उठवलं तेव्हा त्यांना उभं राहता येईना. गाडी मिळवून माझ्याकडे पोचेपर्यंत सोमवारचे अकरा वाजले होते. नाडी ११८, रक्तदाब ९४/६०, मिनिटाला २८ श्वास, ऑक्सिजन ८९ टक्के. जठराच्या कर्करोगासाठी दिलेल्या पहिल्या कीमोचा तो दहावा दिवस होता.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी फिजिशियन आहे. कर्करोगाचे उपचार मोठ्या शहरात होतात, पण ताप गावातल्या घरात येतो, आणि तोही बहुतेक वेळा रात्री. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे. ओळख पटेल असं काही त्यात ठेवलेलं नाही.

आधीची हकिगत

तात्या ६३ वर्षांचे. ३१ वर्षं एसटीत चालक होते, आता थोडी शेती. तीस वर्षं बिडी ओढली, सहा वर्षांपूर्वी सोडली. मिश्री मात्र सुटली नव्हती. विशीत क्षयरोग झाला होता, औषधांचा कोर्स पुरा केलेला. चार महिन्यांत वजन ५८ वरून ४९ किलोवर आलं होतं. दोन घास खाल्ले की पोट भरायचं, आणि संध्याकाळी उलटीत सकाळचा भात जसाच्या तसा पडायचा. ही खूण मला फार महत्त्वाची वाटते. जठराच्या खालच्या तोंडाशी अडथळा असला की अन्न पुढे सरकत नाही, आत साचून राहतं.

दुर्बिणीच्या तपासणीत जठराच्या खालच्या भागात व्रण पडलेली गाठ दिसली. तुकड्याचा अहवाल ॲडिनोकार्सिनोमा, म्हणजे अस्तरातल्या ग्रंथीपेशींचा कर्करोग. सीटीत गाठ जठराच्या भिंतीत खोलवर गेलेली, शेजारच्या काही लसिका ग्रंथी मोठ्या, यकृत स्वच्छ, आणि उजव्या फुप्फुसाच्या वरच्या टोकाला जुन्या क्षयाचे वळ. पोटात दुर्बीण घालून पाहिलं तेव्हा पोटाच्या अस्तरावर काही पसरलेलं नव्हतं. ट्यूमर बोर्डात, म्हणजे कर्करोगाच्या वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या बैठकीत, ठरलं की दर दोन आठवड्यांनी एक याप्रमाणे चार कीमो, मग शस्त्रक्रिया, मग पुन्हा चार. औषधांचा गट फ्लॉट: डोसेटॅक्सेल, ऑक्सॅलिप्लाटिन, ल्युकोव्होरिन आणि २४ तास पंपातून चालणारं फ्लोरोयुरासिल.

तात्यांनी मला सरळ विचारलं होतं, "मॅडम, एकदाच कापून टाका की. आत ठिवून औषध कशाला पाजायचं?"

प्रश्न रास्त आहे, आणि जवळजवळ प्रत्येक घरातून येतो. खोलवर गेलेल्या गाठीच्या पेशी शस्त्रक्रियेच्या दिवसापर्यंत बहुधा रक्तात आणि ग्रंथींत पोचलेल्या असतात. सुरी तिथे पोचत नाही. दुसरं म्हणजे जठर काढल्यावर माणूस इतका खंगतो की नंतर द्यायची कीमो पुष्कळांना झेपतच नाही. २००६ साली ब्रिटनमधल्या मॅजिक या चाचणीत ५०३ रुग्ण होते. नुसत्या शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षं जगलेले २३ टक्के, आधी आणि नंतर कीमो मिळालेल्यांत ३६ टक्के. त्याच चाचणीत शस्त्रक्रियेआधीच्या तिन्ही कीमो ८६ टक्के रुग्णांनी पुऱ्या केल्या, पण आधीच्या आणि नंतरच्या मिळून सहाही फक्त ४२ टक्के घेऊ शकले. म्हणजे जे औषध द्यायचं त्यातलं खात्रीचं तेवढं आधीच पदरात पडतं. पुढे २०१९ मध्ये जर्मनीतल्या ७१६ रुग्णांच्या चाचणीत फ्लॉट हा गट मॅजिकमधल्या औषधांपेक्षा सरस ठरला. मधलं आयुर्मान, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ, ३५ महिन्यांवरून ५० महिन्यांवर गेला. तात्यांना मी आकडे सांगितले नाहीत. "बी पेरण्याआधी तण मारतात ना, तसं," एवढंच म्हटलं. ते त्यांना पटलं.

पण त्याच २०१९ च्या चाचणीत आणखी एक आकडा आहे, जो घरच्यांना क्वचितच कोणी सांगतं. फ्लॉट घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त रुग्णांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरल्या, आणि गंभीर जंतुसंसर्ग १८ टक्क्यांना झाला. जुन्या औषधांत हे प्रमाण ९ टक्के होतं.

राहून गेलेलं इंजेक्शन

डिस्चार्जच्या कागदावर पांढऱ्या पेशी वाढवणारं एक इंजेक्शन लिहिलेलं होतं. पंप संपल्यावर किमान २४ तासांनी घ्यायचं. ते फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, प्रवासात बर्फाच्या थर्मासमधून न्यावं लागतं. कागद इंग्रजीत होता. घरच्यांना ते ताकदीचं इंजेक्शन वाटलं. पुढच्या फेरीला घेऊ म्हणून राहिलं.

पाचव्या दिवशी तात्या अशक्तपणासाठी माझ्याकडे आले होते. मी रक्तदाब पाहिला, सलाईन लावलं, मळमळीची गोळी बदलून दिली. तो कागद माझ्या टेबलावर होता आणि मी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला नाही. ही चूक माझी आहे. तेव्हापासून कीमोचा कोणताही रुग्ण आला की आधी फाईल वाचते, मग नाडी धरते.

सोमवारचे अकरा

तपासताना उजव्या फुप्फुसाच्या तळाशी बारीक करकर ऐकू आली. पांढऱ्या पेशी ९००, त्यांतले न्यूट्रोफिल जेमतेम २००. छातीचा एक्स-रे मात्र जवळजवळ स्वच्छ. उजवीकडे खाली नुसता धूसरपणा.

इथे जरा थांबून सांगायला हवं, कारण हाच एक्स-रे पाहून "छाती साफ आहे, व्हायरल असेल" असं म्हटलं गेलेलं मी पाहिलेलं आहे. न्यूमोनियाची पांढरी सावली मुख्यतः आपल्याच पेशींमुळे दिसते. जंतूंशी लढायला त्या फुप्फुसात गोळा होतात, पू होतो, पाणी साचतं. लढायला पेशीच नसल्या तर सावली पडणार कुठून? बेडका येत नाही, खोकलाही नावालाच. अशा माणसाच्या शरीराकडे ओरडायला एकच आवाज उरतो, तो म्हणजे ताप. आणि पॅरासिटामॉलने आपण नेमका तोच आवाज बंद करतो.

न्यूट्रोफिल ५०० च्या खाली असताना एकदा १०१, किंवा तासभर १००.४ च्या वर ताप राहिला, तर ती तातडीची अवस्था. दारातून आत आल्यापासून तासाच्या आत शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. रक्ताचे नमुने घ्यायचे, पण अहवालासाठी खोळंबायचं नाही. तात्यांना पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम पंचविसाव्या मिनिटाला सुरू झालं. सोबत ऑक्सिजन, सलाईन, आणि न्यूमोनियासोबत रक्तदाब खाली असल्यामुळे पेशी वाढवणारं इंजेक्शनही. पण रात्री साडेदहा ते सकाळी अकरा हे साडेबारा तास गेले ते गेलेच.

दुसऱ्या दिवशी सीटी केला. उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात, मागच्या बाजूला भरीव पट्टा. उताणं झोपलेल्या माणसाच्या घशातून काही खाली उतरलं तर ते इथेच येऊन बसतं. मग मी तात्यांच्या पत्नीला, काकींना, विचारलं, "रात्री ठसका लागायचा का?" त्या म्हणाल्या, "रोजच. उशीवर आंबट पाणी यायचं. पण डॉक्टरांनी विचारलं नाही, आम्हीबी सांगितलं नाही."

म्हणजे संसर्ग बाहेरून आला नव्हता. अडथळ्यामुळे जठरात साचलेलं अन्न आणि मिश्रीने खराब झालेल्या हिरड्यांतले जंतू रात्री थेंबाथेंबाने श्वासनलिकेत उतरत होते. पांढऱ्या पेशी शाबूत होत्या तोवर फुप्फुस ते निपटत होतं. कीमोने राखणदार काढून घेतला आणि रोजचीच गोष्ट जिवावर बेतली. पुढे बेडक्यात क्लेबसिएला जंतू वाढला. जुन्या वळांमुळे क्षयाची सीबीनॅट चाचणीही केली. ती निगेटिव्ह आली. डोसेटॅक्सेलमुळे फुप्फुसाला येणारी औषधी सूजही डोक्यात होती, पण ती बहुधा दोन्ही बाजूंना पसरट दिसते. इथे एकाच बाजूचा एकच भाग धरलेला होता.

चौथ्या दिवशी पेशी ३,८०० झाल्या आणि घरच्यांना वाटलं, आता उतार पडला. त्याच दिवशी तात्यांचा दम वाढला, पिवळा बेडका सुरू झाला, एक्स-रे आधीपेक्षा वाईट आला. मुलगी रडवेली झाली. तिला समजावावं लागलं, "ताई, सैन्य आत्ता पोचलंय, म्हणून धूळ दिसतेय." पेशी परतताना असं होऊ शकतं, आणि त्या एक-दोन दिवसांत रुग्णावर बारीक नजर ठेवावी लागते. नवव्या दिवशी तात्या घरी गेले. वजन ४६ किलो.

पुढची कीमो द्यायची की नाही

ट्यूमर बोर्डासमोर तीन वाटा होत्या. कीमो सोडून लगेच शस्त्रक्रिया. पण ४६ किलोचा, नुकत्याच न्यूमोनियातून उठलेला माणूस वरच्या पोटाची मोठी शस्त्रक्रिया आणि भूल कशी सोसणार? कीमो पुरती बंद करून केवळ ताकद येण्याची वाट पाहायची; तोवर गाठ थांबणार नव्हती. तिसरी वाट निवडली गेली. पाचव्या आठवड्यापर्यंत थांबून उरलेल्या तीन कीमो, डोसेटॅक्सेल आणि ऑक्सॅलिप्लाटिन पाऊण मात्रेने, प्रत्येक वेळी पेशींचं इंजेक्शन न चुकता. मला हा निर्णय तेव्हाही योग्य वाटला, आजही वाटतो.

घरच्यांचं मन मात्र कीमोवरून उडालं होतं. "औषधानंच छाती धरली. ऑपरेशनच्या वेळी आणखी धरंल," असं तात्यांचे भाऊ म्हणाले. इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. कीमो चालू असताना, पेशी पडलेल्या त्या आठवड्यात, छातीच्या संसर्गाचा धोका वाढतो, यात वाद नाही. पण शस्त्रक्रियेनंतरचा न्यूमोनिया हे वेगळं प्रकरण. मॅजिक चाचणीत शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंती कीमो घेतलेल्यांत ४६ टक्के आणि न घेतलेल्यांत ४५ टक्के होत्या. महिनाभरातले मृत्यू ५.६ आणि ५.९ टक्के. तोवर पेशी परत आलेल्या असतात. शस्त्रक्रियेनंतर छाती भरते ती मुख्यतः इतर कारणांनी. वरच्या पोटाचा छेद दुखतो म्हणून माणूस उथळ श्वास घेतो, छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा पडदा नीट खाली येत नाही, फुप्फुसाचा तळ मिटून राहतो, खोकायला बळ नसतं. त्यात धूम्रपान, जुना क्षय, वय आणि उतरलेलं वजन यांची भर. कीमोचा हात यात असला तर तो आडवळणाने: भूक जाते, स्नायू झडतात, आणि श्वासाचा पडदाही शेवटी स्नायूच आहे.

हे एकदा ध्यानात आलं की शस्त्रक्रियेआधीचे ते दोन-तीन महिने वेगळे दिसू लागतात. छाती तयार करायला एवढा मोकळा वेळ फार थोड्या मोठ्या शस्त्रक्रियांत मिळतो. आपण मात्र तो केवळ पुढच्या कीमोची तारीख मोजण्यात घालवतो, आणि श्वासाचं यंत्र रुग्णाच्या हातात देतो ते शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी.

घरात काय बदललं

सगळ्यात आधी नळी. दुर्बिणीतून नाकावाटे, अडथळ्याच्या पुढे आतड्यापर्यंत बारीक नळी घातली. त्यातून भुकटी विरघळवून केलेलं पातळ अन्न थेंबाथेंबाने सोडायचं, दर वेळी नंतर पाणी. घरची पेज गाळूनही दाटच राहते आणि नळी तुंबते, हे एकदा अनुभवून झालं. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली दोन-दोन विटा लावल्या. रात्रीचा ठसका आठवड्यात थांबला. मला विचाराल तर न्यूमोनिया पुन्हा झाला नाही याचं सगळ्यात मोठं श्रेय त्या विटांना आणि त्या नळीला जातं. मुळात ही नळी पहिल्या कीमोआधीच हवी होती.

मग दात. पेशी चांगल्या असताना दंतवैद्याकडून दात साफ करून घेतले, एक हलणारी दाढ काढली. मिश्री बंद करणं बिडीपेक्षा अवघड गेलं, कारण तात्यांच्या लेखी ती तंबाखू नव्हतीच, दात घासणं होतं. काकींनी स्वतःची मिश्री सोडली, तेव्हा कुठे त्यांची सुटली. सकाळी पाणी तापवायचा बंब अंगणात तात्यांच्या खाटेला लागून होता. तो परसात हलवला.

पथ्यावरून मात्र माझा वाद झाला. संसर्गाच्या भीतीने घरच्यांनी ताक, फळं, पालेभाज्या सगळं बंद केलं होतं. स्वच्छ धुतलेलं, ताजं शिजवलेलं अन्न हवं हे खरं, पण अशा कडक पथ्याने संसर्ग कमी होतात असं अभ्यासांत दिसलेलं नाही. माणूस खंगतो हे मात्र दिसतं. त्यापेक्षा खोकत खोकत भेटायला येणारे पाहुणे ओट्यावरूनच परत पाठवले असते तर जास्त उपयोग झाला असता. गावात हे सांगणं जड जातं. शेवटी मुलीने दारावर कागद लावला: "डॉक्टरांनी भेट बंद ठेवली आहे." वाईटपणा माझ्या नावावर गेला, आणि तो मी आनंदाने घेतला. फ्लूची आणि न्यूमोकोकसची लस तात्यांना दोन कीमोंच्या मधल्या दिवसांत दिली, घरातल्या बाकीच्यांना फ्लूची.

श्वासाचे व्यायाम दुसऱ्या कीमोच्या आधीच सुरू केले. तीन चेंडूंचं ते यंत्र तात्यांनी प्रथम फुंकून पाहिलं. बहुतेक जण तेच करतात, आणि कोणी समोर बसून दाखवत नाही तोवर महिनाभर फुंकतच राहतात. ते ओढायचं असतं, सावकाश, आणि वर धरायचं. जागेपणी दर तासाला दहा वेळा. उशी पोटाशी घट्ट धरून खोकायलाही आधीच शिकवलं, म्हणजे टाके पडल्यावर नवं काही शिकायला नको. असं आधी शिकवण्याला चांगला आधार आहे: ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये वरच्या पोटाच्या शस्त्रक्रियेच्या ४४१ रुग्णांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी फिजिओथेरपिस्टने फक्त एकदा, अर्धा तास बसून श्वासाचे व्यायाम समजावले होते त्यांच्यात फुप्फुसाच्या गुंतागुंती १२ टक्के झाल्या. नुसतं पत्रक दिलं होतं त्यांच्यात २७ टक्के. औषध नाही, यंत्र नाही, अर्ध्या तासाचं बोलणं. माझ्या तालुक्यात हे प्रत्येक रुग्णाला मिळत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

चालणं त्यांनी स्वतःच मनावर घेतलं. रोज संध्याकाळी एसटीच्या थांब्यापर्यंत, मुक्कामाची गाडी बघायला. सहा मिनिटांत ३१० मीटर चालणारे तात्या शस्त्रक्रियेआधी ४२० मीटर चालत होते. वजन ५०.५ किलो.

शस्त्रक्रिया

शेवटच्या कीमोनंतर पाचव्या आठवड्यात जठराचा खालचा मोठा भाग आणि भोवतालच्या ग्रंथी काढल्या. भुलीआधी जाड नळीने जठर रिकामं करून घेतलं. वेदनांसाठी पाठीतून एपिड्युरल ठेवलं होतं, म्हणून दुसऱ्या सकाळी तात्या खुर्चीत बसू शकले आणि खोकूही शकले. तिसऱ्या दिवशी १००.८ ताप आला, ऑक्सिजन ९३ वर उतरला, एक्स-रेत डाव्या तळाशी सावली दिसली. अशा वेळी शल्यचिकित्सकाच्या मनात आधी जठर-आतड्याच्या जोडातून किंवा स्वादुपिंडातून गळती होत असल्याची शंका येते. पोटात ठेवलेल्या निचऱ्याच्या नळीतलं पाणी तपासलं, सीटी केला. गळती नव्हती, फुप्फुसाचा तळ मिटला होता एवढंच. दर दोन तासांनी व्यायाम आणि वऱ्हांड्यात फेऱ्या. दोन दिवसांत तळ उघडला. नवव्या दिवशी घरी. अहवालात २६ ग्रंथींपैकी दोनांत कर्करोगाच्या पेशी होत्या, काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ.

शस्त्रक्रियेनंतरच्या चारपैकी तीन कीमो झाल्या. चौथी हाता-पायांच्या मुंग्यांमुळे सोडून दिली. त्या तीनपैकी दुसरीनंतर, आठव्या दिवशी, पहाटे दोन वाजून दहा मिनिटांनी माझा फोन वाजला. मुलगी म्हणाली, "मॅडम, १००.६ आहे. गोळी दिलेली नाही. गाडी काढलीय." पावणेतीनला तात्या दारात होते, कीमोची फाईल काखेत धरून, स्वतःच्या पायांवर. तीन वाजता अँटिबायोटिक सुरू झालं. न्यूट्रोफिल १,४०० निघाले, छाती स्वच्छ होती, रक्तात जंतू वाढला नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते घरी गेले.